दिवा जुना, उजेड कोणता? : जुन्या मोटारींच्या दिव्यांविषयी एक धागा

१/
३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृत अशी एकही ‘काळी-पिवळी’ प्रीमियर पद्मिनी उरलेली नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. टॅक्सी संपली, गाडी मात्र संपलेली नाही. खासगी मालकीच्या पद्मिनी आणि त्यांच्या आधीच्या फियाट डिलाइट हौशी मंडळी आज पुन्हा उभ्या करीत आहेत. या पुनरुज्जीवनात बहुधा सर्वांत आधी निकालात निघतात ते पुढचे दिवे. आजचा धागा त्या दिव्यांविषयी आहे.

२/
जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांत दिव्यांबाबत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, रात्री काही दिसत नाही, तेव्हा जुना दिवा भंगारात द्या आणि झगझगीत एलईडी बसवा. दुसरा म्हणतो, गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशीच हवी. त्यानंतर झालेला प्रत्येक बदल पुसून टाका. दोन्ही पंथांचा गाडीवर जीव आहे, याविषयी शंका नाही. तरीही दोघेही, आपापल्या परीने, एक ऐतिहासिक साधन नष्ट करीत आहेत असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी मोटारीच्या दिव्याचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल.

३/
आरंभीच्या मोटारींना घोडागाडीचेच तेलाचे दिवे असत. त्यानंतर अ‍ॅसिटिलीन आले. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडले की वायू निर्माण होतो आणि तो पांढऱ्या ज्योतीने जळतो. जत्रेतल्या दुकानांवर पेटणारी कार्बाइडची बत्ती आपल्याकडे पुष्कळांच्या आजोबांनी पाहिलेली आहे. मोटारीच्या दिव्यातही तेच रसायन होते. १९०४ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे स्थापन झालेल्या प्रेस्ट-ओ-लाइट कंपनीने हा वायू दाबाखाली भरलेल्या नळकांड्या विकण्यास आरंभ केला. चालकाला मात्र खाली उतरून दिवा पेटवावा लागे आणि अंधाराची वेळ आधीच हेरून ठेवावी लागे.

४/
१९१२च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विद्युत व्यवस्था आली. इंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे तिने एका सूत्रात आणली. फोर्डच्या मॉडेल-टी गाडीला १९१५च्या सुमारास विजेचे दिवे मिळाले. त्या काळात अनेक मालकांनी आपल्या गाडीचे पितळी अ‍ॅसिटिलीन दिवे न काढता त्यांच्याच पोटात विजेचे बल्ब बसवून घेतले. आता समजा, अशी एक मॉडेल-टी आज दुरुस्तीला आली. तिचा ‘मूळ’ दिवा कोणता? १९१३चा वायूचा, की तिच्या पहिल्याच मालकाने तीन वर्षांनी बसवलेला विजेचा? उत्तराची घाई न करता पुढे जाऊ.

५/
वीज आली तशी नवी अडचण उभी राहिली : समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले. १९२०च्या दशकात युरोपात दोन तंतूंचा बल्ब आला. त्यातील एक तंतू परावर्तकाच्या नाभीजवळ असतो आणि दूरवर उजेड फेकतो. दुसरा किंचित पुढे असून त्याच्याखाली धातूची चिमुकली वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा प्रकाश अडवते; त्यामुळे केवळ परावर्तकाचा वरचा भाग उजळतो आणि किरण रस्त्याकडे झुकतात. आपल्या ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ ही जी विनंती रंगवलेली असते, तिच्या मुळाशी मिलिमीटरच्या हिशेबात बसवलेली ही वाटी आहे. ही वाटी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

६/
१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपने आणखी एक सुधारणा केली. खाली झुकवलेला झोत दोन्ही बाजूंना सारखा न ठेवता रस्त्याच्या कडेकडे थोडा वर उचलला. पादचारी, सायकलस्वार आणि मैलाचे दगड त्यामुळे लवकर दिसू लागले. मात्र ‘कडा’ कोणती हे वाहतुकीच्या नियमावर ठरते. इटलीत गाड्या उजवीकडून चालतात, आपल्याकडे डावीकडून. म्हणून अशा दिव्याच्या काचेवरील खाचा आणि बल्बची बैठक पाहून तो कोणत्या बाजूच्या वाहतुकीसाठी घडवला होता हे ओळखता येते. परदेशातून हौसेने मागवलेली ‘अस्सल’ युरोपीय काच इथल्या गाडीला बसवली, तर तिचा उचललेला झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

७/
दिवे कसे असावेत हे अभियंत्यांइतकेच कायद्यानेही ठरवले. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३पर्यंत पिवळ्या उजेडाची सक्ती होती. अमेरिकेने १९४०पासून सात इंची, गोल, मोहोरबंद ‘सील्ड बीम’ दिव्याचा साचा स्वीकारला आणि काही बदल सोडले तर १९८३पर्यंत तो सोडला नाही. सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीत १९६७मध्ये काचेच्या आवरणामागे, स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे आले. अमेरिकेच्या नियमांत ते बसत नसल्याने तिथे विकल्या गेलेल्या डीएसला ते मिळालेच नाहीत. आज अमेरिकेतील एखादा मालक आपल्या डीएसला फ्रेंच दिवे लावतो, तेव्हा गाडीचे रूप ‘मूळ’ आराखड्याजवळ जाते, आणि त्या विशिष्ट गाडीचा इतिहास मात्र पुसला जातो.

८/
आता आपल्या गाडीकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५०च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली, १९६४मध्ये डिलाइट आली आणि १९७०च्या दशकात हीच गाडी आधी प्रेसिडेंट व मग पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. आराखडा इटलीचा, घडण कुर्ल्याची आणि रस्ता डाव्या बाजूचा. इटालियन आराखड्याची ही गाडी भारतीय कशी झाली याचा पुरावा शोधायचा असेल, तर बोधचिन्हाइतकाच हेडलाइटही बारकाईने पाहावा. काचेवर कोणाचा छाप आहे, खाचा कोणत्या बाजूच्या आहेत, बल्बची बैठक कोणत्या पद्धतीची आहे, हे सारे तिथे वाचता येते.

९/
दिव्यावर पुढेही लेखन होत राहिले. १९६५ आणि १९७१च्या युद्धकाळात मुंबईत ब्लॅकआउट पाळला जाई. घरांच्या तावदानांना काळा कागद लागे आणि मोटारींच्या दिव्यांनाही काळे फासले जाई. युद्धे संपल्यानंतरही, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून, काचेवर काळा ठिपका किंवा पट्टा रंगवण्याची रीत दीर्घकाळ चालू राहिली. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने तो ओबडधोबड उपाय होता, कारण झोताला आकार देण्याऐवजी तो उजेडच कमी करी. इतिहासाच्या दृष्टीने मात्र जुन्या काचेच्या कडेला उरलेला तो काळा रंग मोलाचा आहे. पुनरुज्जीवनात तो पहिल्याच दिवशी थिनरने पुसला जातो.

१०/
म्हणजे ‘मूळ दिवा’ ही कल्पना वाटते तितकी सरळ नाही. इथे मला पुण्याचे उदाहरण आठवते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून एक पाठ स्वीकारला. तथापि उरलेले पाठ त्यांनी फेकून दिले नाहीत. ते पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत नोंदवले. वाचकाला संपादकाचा निर्णय मान्य नसेल, तर तळटीपांच्या आधारे तो स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. जुनी गाडी दुरुस्त करणारा हाही एक संपादकच असतो. निवड त्याला करावीच लागते. तळटीप लिहिण्याचे मात्र तो विसरतो.

११/
शुद्धतावादी मित्रांचा युक्तिवाद दुबळा नाही आणि तो नीट मांडला पाहिजे. ते म्हणतात : मंद, पिवळसर उजेड हाही इतिहासच आहे. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी खंडाळ्याचा घाट रात्री उतरणारा चालक किती वेगाने जाई, कुठे थांबे, कशाला भिई, हे त्या उजेडानेच ठरवले. तो उजेड बदलला की त्या रात्रीचा अनुभव कायमचा हरवतो. यातील तत्त्व मला मान्य आहे. रात्रीचा इतिहास लिहायचा तर तेव्हा किती दिसत होते हे ठाऊक असायला हवे. माझा आक्षेप वस्तुस्थितीच्या एका मुद्द्यावर आहे : आज त्या गाडीत दिसणारा मंद उजेड १९६४चा आहे, हे कशावरून?

१२/
तंतूच्या दिव्याचे एक निर्दय गणित आहे. त्याचा प्रकाश विद्युतदाबाच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब दहा टक्क्यांनी घटला, म्हणजे १२ व्होल्टऐवजी बल्बपर्यंत १०.८ व्होल्टच पोहोचले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. साठ वर्षांच्या गाडीत दहा टक्के घट होणे अगदी सहज शक्य आहे. गंजलेले सांधे, झिजलेला स्विच, बॉडीवर चढलेल्या रंगाच्या थरांखाली हरवलेला ‘अर्थ’ हे सारे मिळून तेवढा दाब गिळून टाकतात. म्हणून ज्या मिणमिणत्या उजेडाला आपण ‘तो काळ’ समजून हळवे होतो, त्यातला मोठा भाग गंजाचा असतो. नव्या डिलाइटच्या मालकाला तिच्या दिव्यांचा याहून बराच अधिक उजेड मिळत असणार.

१३/
यातून कामाचा क्रम ठरतो. दिवा बदलण्याचा विचार करण्यापूर्वी त्याला त्याचा हक्काचा दाब मिळवून द्यावा. अर्थच्या तारेचे टोक घासून स्वच्छ धातूला जोडावे. कडक होऊन तडकलेल्या तारा तेवढ्याच जाडीच्या किंवा किंचित जाड तारांनी बदलाव्यात. मग रिले बसवावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सारा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून जातो. ४५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेसात अँपिअर ओढतात आणि ते त्या नाजूक स्विचला सोसावे लागतात. रिले आला की स्विच केवळ इशारा देतो आणि मुख्य प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट दिव्याकडे जातो. बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही आणि उद्या काढायचा म्हटला तर रिले दहा मिनिटांत निघतो.

१४/
दुसरे काम परावर्तकाचे. जुन्या परावर्तकांवर चांदीचा मुलामा असे, नंतरच्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर. काळवंडलेला परावर्तक पाहून हात पॉलिशच्या डबीकडे जातो. तो मोह आवरावा. अ‍ॅल्युमिनियमचा थर एका घासण्यात निघून जाऊ शकतो आणि चांदी प्रत्येक पॉलिशबरोबर झिजते. धूळ हलक्या हाताने काढावी. थर गेलाच असेल तर त्याच वाटीवर नव्याने मुलामा करून घ्यावा, वाटी फेकू नये. काच तडकलेली नसेल तर तीच ठेवावी. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात जोडीदार काच मिळण्याची आशा अजून आहे. पण तिथला साठाही कोणाच्या तरी मोडलेल्या गाडीतूनच येतो, याचे भान असावे.

१५/
एवढे करूनही उजेड अपुरा वाटला, तर? मग हॅलोजन. मोटारीसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच-१, युरोपात १९६२मध्ये आला. दोन तंतूंचा एच-४ हा १९७१मध्ये. त्यातील हॅलोजन वायू तंतूपासून उडालेले टंगस्टनचे कण पुन्हा तंतूकडे आणून सोडतो. त्यामुळे काच काळवंडत नाही आणि तंतू अधिक तापवता येतो. जुन्या ४५/४० वॅटच्या बल्बच्या जागी ६०/५५ वॅटचा एच-४ लावणारे मालक त्या काळातही होते. म्हणून पद्मिनीत हॅलोजन आढळला तर नाक मुरडू नये. तो कालविसंगत नाही. मात्र डायनॅमोची गाडी असेल तर जपून. गाडी उभी असताना डायनॅमो पुरेशी वीज देत नाही आणि वाढीव भार बॅटरीवर पडतो.

१६/
एलईडीविषयी माझा विरोध भावनिक नाही. मघाची धातूची वाटी आठवा. परावर्तक आणि काच यांची सारी आखणी एका बारीक, ठरावीक जागी जळणाऱ्या तंतूभोवती झालेली आहे. बाजारात मिळणाऱ्या एलईडी बल्बमध्ये त्या तंतूच्या जागी एका चपट्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले दिवे असतात. त्यांचा आकार वेगळा, दिशा वेगळी. परिणामी झोताची वरची रेघ फिसकटते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत उडतो. चालकाला वाटते, काय लख्ख दिसते आहे! किंमत मात्र समोरचा दुचाकीस्वार मोजतो. शंभर वर्षे ज्या प्रश्नाशी झगडून हा दिवा घडला, तोच प्रश्न आपण शंभर-दोनशे रुपयांत पुन्हा विकत आणतो.

१७/
मागच्या दिव्यांचा न्याय थोडा वेगळा आहे. त्यांचे काम दाखवण्याचे नसून दिसण्याचे आहे आणि महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला जुनी गाडी वेळेत दिसणे हा जिवाचा प्रश्न आहे. तिथे सुधारणेला मी अनुकूल आहे. अट एवढीच की टेल-दिवा आणि ब्रेक-दिवा यांच्या तेजातील फरक स्पष्ट राहावा. इंडिकेटरला एलईडी लावला तर जुना, तापून लुकलुकणारा फ्लॅशर नीट चालत नाही, कारण त्याला पुरेसा प्रवाहच मिळत नाही. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत १९६१पर्यंत दारामागच्या खांबातून बाहेर येणारे सिग्नलचे हात असत. ते चालू ठेवावेत आणि जोडीला लुकलुकणारे दिवेही द्यावेत. त्या हातांकडे पाहायची सवय आजच्या चालकाला नाही.

१८/
हा विषय आत्ताच का? कारण जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात सांगाडा, बॉडी वा इंजिन यांतील बदलांसारखी मोठी उलथापालथ झालेली नसावी. १९७०च्या दशकातल्या गाड्या आता एकेक करून हा उंबरठा ओलांडत आहेत. या यादीत दिव्याचे नाव नाही. म्हणजे दिव्याचे काय करायचे हा निर्णय प्रत्यक्षात मालक आणि गॅरेजमधला वायरिंगवाला या दोघांच्याच हातात आहे.

१९/
म्हणून त्या दोघांना उद्देशून, इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने, चार विनंत्या. दिवा उघडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्या : काचेवरचा छाप, आतली बैठक, तारांचे रंग आणि उरलेला काळा रंगही. जो बदल कराल तो परत फिरवता येईल असा करा. त्यासाठी पत्र्याला नवे भोक पाडू नका. काढलेला प्रत्येक भाग डिकीतल्या डब्यात जपून ठेवा, अगदी जळालेला बल्बसुद्धा. आणि एका साध्या वहीत तारीख घालून लिहा की काय काढले, काय लावले आणि का. आधीच्या मालकाने केलेली जुनी दुरुस्ती सापडली तर तीही नोंदवा. टॅक्सीवाल्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वाचवलेला दिवा हा मुंबईच्या श्रमाच्या इतिहासाचा पुरावा आहे.

२०/
काही मित्र म्हणतील, एवढ्याशा दिव्यासाठी केवढा हा खटाटोप! पद्मिनी ही राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. तिच्या चालकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, तिच्या मेकॅनिकांनी दफ्तरे ठेवली नाहीत. कोणत्या वर्षी काय मिळत नव्हते, काय परवडत नव्हते, कशाची भीती होती आणि त्यावर कोणी कशी युक्ती काढली, हे पुष्कळदा त्या गाडीवरच लिहिलेले आहे. ते पुसून गाडी चकाचक करणे सोपे आहे. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी तुमचा जुना दिवा ‘भंगार आहे, टाकून देतो’ म्हणाला, तर त्याला थांबवा, दिवा घरी आणा आणि काचेवरचा छाप वाचा. काय सापडले ते या धाग्याखाली छायाचित्रासह जरूर लिहा.